युद्धाघात आणि उपचारसंवादाचा दंडक

युद्धाने मनावर केलेला आघात दूरचित्रवाणीवर दाखवायचा तर तो मानसोपचारकाच्या खोलीतील संवादातूनच, असा जणू दंडकच झाला आहे. हगाई लेवी यांची ‘बेतिपुल’ (२००५) ही इस्रायली मालिका आणि तिच्यावरून अमेरिकेत झालेली ‘इन ट्रीटमेंट’ (२००८) ही त्याची नमुनेदार उदाहरणे. दोन्हींत बॉम्बफेक केलेला वैमानिक उपचारकासमोर बसतो. या संवादाच्या प्रामाणिकपणाची वाखाणणी करणारी समीक्षा एक प्रश्न टाळते : ज्यांच्यावर बॉम्ब पडले, त्यांना या खोलीत जागा कोठे? दोन खुर्च्यांच्या या रचनेत मारणारा ‘रुग्ण’ ठरतो आणि मेलेले त्याच्या दुखण्याचे कारण एवढेच उरतात. नैतिक प्रश्नाचे हे वैद्यकीकरण रूपबंधातच अनुस्यूत आहे.

मराठीत असा उपचारसंवाद नाही, सबब युद्धाघाताचे लेखनही नाही, हा निष्कर्ष याच दृष्टीचे अपत्य होय. बुधवार पेठेतील बेलबाग मुत्सद्दी नाना फडणिसांचे स्मरण देते. भेदरलेला तरुण नाना मात्र त्यांच्या आत्मचरित्रात भेटतो. पानिपतावरून (१७६१) विशीही न गाठलेला हा तरुण जीव घेऊन पळतो. आईची ताटातूट होते ती कायमची. लिहिताना तो ना भीती लपवितो, ना वासना. ऐकायला तेथे तज्ज्ञ नाही. साक्षी आहे तो ईश्वर. म्हणूनच ‘बरे होणे’ हे या कथनाचे साध्य नव्हे.

हीसुद्धा कबुलीच, असा आक्षेप संभवतो. परंतु कबुलीत सत्ता ऐकणाऱ्याकडे असते, अर्थ तोच लावतो, हे फुको यांनी १९७६ मध्येच दाखविले. नानांच्या संहितेत असा अर्थनिर्णेता नाही. पानिपतावरील असंख्य बुणग्यांचे मौन तिच्यातही आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या मौनावर ती उपचाराचे समाधान चढवीत नाही.

खुद्द त्या मालिकांना आपली मर्यादा ठाऊक आहे. दोन्हींत वैमानिक उड्डाणातच मरतो आणि त्याचा बाप जाब घेऊन उपचारकाच्या दारी येतो. रूपबंध तेथे स्वतःविरुद्धच साक्ष देतो. ती ऐकू येत नाही ती त्याच्या समर्थकांना. दवाखान्याच्या वहीत नोंद नाही म्हणून जखमच नाही, असे ठरविणे हे समीक्षेचे काम नव्हे.