तटस्थपणा कुठला?



युनोचा विषय निघाला की आपल्या मंडळींत एक मागणी हमखास होते: भारताला सुरक्षा परिषदेत कायमची जागा हवी. मागणी रास्त आहे. पण पिनरमध्ये राहून आपण ज्या देशात मत देतो, त्या ब्रिटनकडे ही जागा पहिल्या दिवसापासून आहे. परिषदेची पहिली बैठकही इथून ट्यूबने तासाभराच्या आत गाठता येणाऱ्या वेस्टमिन्स्टरच्या चर्च हाउसमध्ये, १७ जानेवारी १९४६ रोजी भरली होती. त्या जागेचा हिशेब आपण कधी मागतो का?

परिषदेत १५ सदस्य आहेत. महत्त्वाच्या ठरावाला ९ मते लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी एकाने जरी विरोध केला तरी तो बारगळतो. हा नकाराधिकार नजरचुकीने राहिलेला नाही. आधीच्या राष्ट्रसंघात अमेरिका आलीच नाही, जर्मनी आणि जपान निघून गेले. बडी राष्ट्रे टिकून राहावीत म्हणून ही किंमत मोजली गेली. सनद बदलायलाही पाचही जणांची मान्यता लागते, म्हणजे तो लवकर जाणार नाही.

मग मधल्या देशांनी काय करायचे? मला कोरियाचे उदाहरण आठवते. तिथे युनोच्या झेंड्याखालचे सैन्य स्वतःच युद्धातला एक पक्ष होते. १९५३ मध्ये शस्त्रसंधी झाली तेव्हा मायदेशी परतायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा प्रश्न भारताच्या अध्यक्षतेखालील तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे आला. त्यांना सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला पकडून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि त्याला सोडवून आणले. आयोगाचे काम अपुरेच राहिले. जानेवारी १९५४ मध्ये बहुतेक कैदी पूर्वीच्याच पक्षाच्या हवाली करावे लागले. पण शस्त्रसंधी मोडली नाही. दोन्ही बाजूंचा राग अंगावर घेऊन मध्ये उभे राहणे, हा त्या तटस्थपणाचा अर्थ होता.

आज हाच शब्द फार स्वस्त झाला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील ठराव रशियाने अडवला. भारत तटस्थ राहिला. ८ डिसेंबर २०२३ रोजी गाझातील युद्धबंदीचा ठराव अमेरिकेने अडवला. ब्रिटन तटस्थ राहिला. आपले दोन्ही देश काठावर बसून होते.

एप्रिल २०२२ पासून एक नियम आहे: नकाराधिकार वापरला गेला की दहा कामकाजाच्या दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा होते. अडवणाऱ्याला निदान जाब तरी विचारला जातो. तटस्थ राहणाऱ्यालाही तो विचारला पाहिजे, आणि ते काम मतदारांचे आहे. आपल्या खासदाराला एक पत्र लिहूया: ब्रिटन तटस्थ राहिला, त्यानंतर त्याने काय केले? भारतात मत असणाऱ्यांनी तिथे हाच प्रश्न विचारावा. कायमच्या जागेची मागणी त्यानंतर अधिक शोभून दिसेल.