दोन नाण्यांचे दान

आज लक्ष्मीपूजन. वह्या, दागिने, रोकड यांवर हळदकुंकू वाहताना आपण नकळत स्वतःलाही त्याच तराजूत घालतो. ज्याच्या चौरंगावर मांडण्यासारखे काही नाही, त्याने आज स्वतःचे मोल काय समजावे?

मार्काच्या शुभवर्तमानातील एक प्रसंग येथे मननीय वाटतो. येशू ख्रिस्त यरुशलेमच्या मंदिरात दानपात्रासमोर बसला होता. धनिक पुष्कळ द्रव्य टाकीत होते. एका दरिद्री विधवेने दोन अगदी हलकी नाणी टाकली. शिष्यांना जवळ बोलावून येशूने तिचेच दान सर्वांहून मोठे ठरविले. इतरांनी आपल्या विपुलतेतून दिले, तिने उपजीविकाच दिली. त्याने दान मोजले ते मागे काय उरले यावरून. हा हिशेब आपल्या सुदाम्याच्या पोह्यांना परका नाही.

आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, तो याच हिशेबाने.

पण म्हणून त्या विधवेच्या दारिद्र्याचे गोडवे कोणी गाऊ नयेत. विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांना येशूने त्याआधीच्याच वचनांत खडसावले आहे. ती त्या रात्री काय जेवली, हे शुभवर्तमानात नाही.