मधल्या वर्गाचें तिकीट

परदेशचा विमानप्रवास हा आमच्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत आतां अपूर्वाईचा विषय राहिलेला नाहीं. ज्या घरांतला एखादा मुलगा, मुलगी, पुतण्या किंवा भाचा समुद्रापलीकडे नाहीं, असें घर आमच्या ओळखींत तरी विरळाच. मुलें तिकडे स्थायिक झालीं म्हणजे बाळंतपण, मुंज, वास्तुशांत अशा निमित्तांनीं वडीलधाऱ्यांस जाणें प्राप्तच होतें. त्या वेळीं तिकीट काढणारा मुलगा एक प्रश्न हटकून विचारतो: "साध्या वर्गाचें काढूं, कीं प्रीमियम इकॉनॉमीचें?" आणि मग घरांत चार दिवस खल चालतो. गेल्या उन्हाळ्यांत असा खल आमच्याही घरीं झाला. त्यांतून आम्हांस जें उमगलें तें वाचकांपुढें ठेवावें, म्हणून या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

प्रथम नांवाविषयीं. 'इकॉनॉमी' म्हणजे काटकसर आणि 'प्रीमियम' म्हणजे चढ्या मोलाची. चढ्या मोलाची काटकसर हा शुद्ध वदतोव्याघात होय, असें आमच्यांतील जुन्या शाळामास्तरास वाटल्यावांचून राहिलें नाहीं. परंतु वस्तु नवी नव्हे. आगगाडींत पूर्वीं दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांच्या मध्यें 'इंटर' नांवाचा वर्ग असे. दुसरा परवडत नाहीं आणि तिसऱ्यांत बसवत नाहीं, अशा गृहस्थांची ती सोय होती. तो वर्ग गेला, आणि १९७४ सालीं तिसराही गेला. विमानांत तोच विचार १९९२ च्या सुमारास पुन्हां उगवला. तैवानची एव्हा एअर आणि इंग्लंडची व्हर्जिन अटलांटिक या त्यास आरंभ करणाऱ्या कंपन्यांपैकीं होत. आज एअर इंडियाच्या एअरबस ए-३५० विमानांत बिझिनेस वर्गाचीं २८, मधल्या वर्गाचीं २४ आणि साध्या वर्गाचीं २६४ आसनें आहेत. यावरून मधला वर्ग केवढा लहान आहे हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

आतां आमच्या घरची हकीकत. आमचा थोरला पुतण्या लंडनजवळ राहतो. त्याच्या मुलाची मुंज मे महिन्यांत ठरली. जाणारीं आम्ही तिघें: पुतण्याची आई म्हणजे आमच्या वहिनी, वय वर्षें शहात्तर, दोन्ही गुडघे झिजलेले; आमच्या सौभाग्यवती; आणि आम्ही. थोरले बंधु निवर्तल्यावर या पुतण्याचें शिक्षण आमच्या हातून झालें. ही गोष्ट तो कधीं विसरत नाहीं, आणि त्यानें ती विसरावी असें आम्हांस नेहमीं वाटतें. त्यानें तिघांचींही मधल्या वर्गाचीं तिकिटें काढण्याचा बेत केला. आम्हीं किंमत विचारली, ती त्यानें सांगितली नाहीं. त्यावरूनच काय तें आम्ही समजलों. पुढें धाकट्या मुलीकडून चौकशी करविली तेव्हां कळलें कीं, जाण्यायेण्याचें साधें तिकीट सुमारें ७०,००० रुपयांस आणि मधल्या वर्गाचें १,४०,००० रुपयांस पडत होतें. म्हणजे तिघांमिळून २,१०,००० रुपयांचा फरक!

घरांत तीन पक्ष झाले. सौभाग्यवती म्हणाल्या, "दहा तास तर बसायचें. नागपूरच्या गाडींत याहून जास्त बसतों आपण." वहिनींचें म्हणणें निराळें होतें. "बसायचें तर सगळ्यांनीं एकत्र. मी पुढें पाय पसरून बसूं आणि भाऊजी मागें अवघडून बसणार, असला पंक्तिप्रपंच मला नको. त्यापेक्षां मी येतच नाहीं." आणि पुतण्या तिकडून म्हणाला, "काका, माझा पैसा तुम्हांला परका वाटतो का?" या तिसऱ्या प्रश्नास उत्तर देणें आम्हांस सर्वांत जड गेलें.

आम्हीं पाटी घेऊन हिशेब मांडला. साध्या वर्गांत एका आसनापासून पुढच्या आसनापर्यंतचें अंतर सामान्यतः ३१ इंच आणि रुंदी १७ इंच धरावी. मधल्या वर्गांत तेंच ३८ व १९ इंच. गुणाकार करतां पहिल्यांत ५२७ चौरस इंच जागा मिळते, दुसऱ्यांत ७२२. म्हणजे जागा वाढली शेंकडा ३७ आणि मोल वाढलें शेंकडा १००! त्रैराशिकाच्या नियमानें हा सौदा उघड तोट्याचा. जातां-येतां मिळून वीस तास हवेंत, म्हणजे त्या जास्तीच्या जागेचें भाडें ताशीं साडेतीन हजार रुपये झालें.

परंतु येथें त्रैराशिक चालत नाहीं, हें मागाहून ध्यानांत आलें. जागेचा उपयोग इंचांच्या प्रमाणांत वाढत नसतो. पांच फूट उंचीच्या माणसाचे गुडघे ३१ इंचांतही पुढच्या पाठीस लागत नाहींत. त्यास ते सात इंच केवळ शोभेचे. सहा फुटी माणसाचें, अथवा ज्याचा गुडघा वांकवून ठेवला कीं ठणकतो अशाचें, सारें दुखणें त्या सात इंचांतच असतें. शिवाय मधल्या वर्गाचें आसन मागें अधिक कलतें व पाय टेकण्यास आधार असतो. मात्र तें सपाट होत नाहीं. बिछान्याची अपेक्षा ठेवणाराची निराशा होईल.

पैशानें काय विकत मिळत नाहीं, हेंही पाहिलें पाहिजे. विमान सर्वांचें एकाच वेळीं पोंचतें. आंतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका असतो. तो आणि तिचा कोरडेपणा सर्व वर्गांस सारखाच. उतरल्यावर पारपत्र तपासण्याची रांगही बहुधा तीच. चाकाच्या खुर्चीची मदत वर्ग पाहून दिली जात नाहीं. ती मात्र आगाऊ सांगून ठेवावी लागते. शाकाहारी जेवणही दोन्ही वर्गांत आधीं कळविल्यासच खात्रीनें मिळतें. मधल्या वर्गांत उंची मद्य देतात, त्याचें मोल भाड्यांत आलेलेंच असतें. आमच्यासारख्यांनीं तें भरून सोडून द्यावयाचें.

पायांत रक्ताची गुठळी होण्याचें भय पुष्कळांस असतें व त्यापायीं ते वरचा वर्ग घेतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं या विषयावरील संशोधन प्रसिद्ध केलें. चार तासांहून अधिक वेळ एका जागीं बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारें दुप्पट होतो, तरी तो सहा हजारांत एकास इतकाच असतो, असें त्यांत आढळलें. कारण आसनाचा वर्ग नव्हे, निश्चलपणा हें होय. आगगाडींत व मोटारींतही तोच धोका आहे. खिडकीशीं बसणारा माणूस शेजाऱ्यास उठविण्याच्या संकोचानें हलत नाहीं, म्हणून त्याला अधिक जपावें लागतें. तेव्हां वृद्धांस मधल्या वाटेकडील आसन घेऊन देणें व दर दोन तासांनीं चालविणें, हें औषध दोन्ही वर्गांत सारखेंच उपलब्ध आहे. ज्यांस पूर्वीं असा विकार झाला असेल त्यांनीं मात्र डॉक्टरांस विचारूनच निघावें.

करांचाही विचार करावा. आपल्याकडे साध्या वर्गाच्या भाड्यावर वस्तु व सेवा कर शेंकडा ५ आहे. त्यावरील वर्गांवर तो १२ होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. मधला वर्ग नांवानें 'इकॉनॉमी' असला तरी कराच्या दृष्टीनें तो वरच्यांत मोडतो. इंग्लंडचें सरकारही तेथून निघणाऱ्या प्रवाशांकडून कर घेतें. लांबच्या प्रवासास तो सर्वांत खालच्या वर्गास जितका, त्याच्या दुपटीहून अधिक वरच्यास. म्हणजे दिलेल्या जादा पैशांतला बराच भाग आसनाकडे न जातां दोन सरकारांच्या खजिन्यांत जातो. उलट पक्षीं, पुष्कळ कंपन्या या वर्गास सामान अधिक नेऊं देतात. मुंजीचें सामान, पळी-पंचपात्र, सोवळें, लाडवांचे डबे असें ओझें असेल तर जास्तीच्या सामानाचें भाडें फरकांतून वजा करून मगच तुलना करावी.

आणखी एक सावधगिरी आम्ही अनुभवानें शिकलों. तीन वर्षांपूर्वीं पुतण्यानें वहिनींस मधल्या वर्गाचें तिकीट काढून बोलाविलें होतें. विमान वाटेंत बदलावयाचें होतें, आणि लांबच्या टप्प्याच्या विमानांत तो वर्गच नव्हता! वरचें आसन मिळालें तें पहिल्या तीन तासांस. पुढचे सात तास बिचाऱ्या खिडकीशीं अडकून बसल्या. लंडनला उतरल्या तेव्हां पाय इतके सुजले होते कीं जोडे हातांत घेऊन त्या बाहेर आल्या. तेव्हां प्रत्येक टप्प्यास कोणतें विमान व कोणता वर्ग आहे हें तिकीट काढण्यापूर्वींच पाहून घ्यावें.

हें सर्व पाहतां आम्हांस जुनी त्रिविध वांटणीच उपयोगी पडली. कर्में नित्य, नैमित्तिक आणि काम्य अशीं तीन प्रकारचीं, खर्चही तसेच. साधें तिकीट हा जाणाराचा अटळ, म्हणून नित्य खर्च. शरीराच्या कांहीं कारणानें वरचा वर्ग घेणें हा नैमित्तिक. तेथें निमित्त असेल तर कंजूषपणा करणें हा दोष. निमित्त नसतां केवळ सुखासाठीं घेणें हा काम्य. तो ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडावा, पण त्यास गरजेचें नांव देऊं नये. निमित्तें आम्हांस तीन दिसतात: गुडघा, पाठ वा उंची यांची अडचण, रात्रीचें लांब उड्डाण, आणि उतरतांच दुसऱ्या दिवशीं करावयाचें महत्त्वाचें काम. यांपैकीं एकही नसेल तर साध्या वर्गांतील वाटेकडचें आसन पुरे. त्याच वर्गांत थोडे पैसे देऊन पुढें मोकळी जागा असलेलें आसनही मिळतें. मात्र संकटकालीं उघडावयाच्या दाराजवळचें आसन दुबळ्या माणसास देत नाहींत.

या कसोटीस वहिनी उतरत होत्या, आम्ही उतरत नव्हतों. राहिला पंक्तिप्रपंच. आम्ही वहिनींस म्हणालों, "वहिनी, पंक्तींत सर्वांस सारखें वाढावें हें खरें. पण आपल्याच घरीं आजाऱ्याच्या पानांत तुम्ही मऊ भात वाढीत आलांत, त्याला कधीं कोणी पंक्तिप्रपंच म्हणालें का?" त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मऊ भात वाढणारीचें ठीक आहे, भाऊजी. खाणारीलाच तो घशाखालीं उतरत नाहीं." या उत्तरानें आम्ही निरुत्तर झालों. पण त्यांनीं हट्ट सोडला.

ठरलें तें असें. वहिनी दोन्ही वेळां मधल्या वर्गांत. जातांनाचें विमान दिवसाचें, म्हणून आम्ही उभयतां साध्या वर्गांत. येतांना रात्र होती, व अंधारांत वहिनींजवळ कोणी असावें म्हणून सौभाग्यवती त्यांच्या शेजारीं. यानें पुतण्याचे निम्मे पैसे, म्हणजे लाख रुपयांहून अधिक, वांचले. त्यास आम्हीं एवढेंच कळविलें: "तुझा पैसा परका नाहीं, म्हणूनच तो आमच्या पैशासारखा मोजून खर्चिला. उरलेल्यांत थोडी भर घालून पुढल्या वर्षीं आईस पुन्हां ने." तो कांहींसा हिरमुसला. पण "पुढल्या वर्षीं" या शब्दांनीं त्याचें समाधान झालेंसें दिसलें.

विमानांत मधल्या वर्गापुढें एक पडदा असतो. आमच्या वर्गांतील उतारूंनीं पलीकडे जाऊं नये असा दंडक होता. पलीकडच्यांस इकडे येण्यास आडकाठी नव्हती. दोन तास झाले नाहींत तोंच वहिनी आसनांच्या पाठी धरीत धरीत आमच्यापाशीं आल्या. "पाय मोकळे करायला आलें," म्हणाल्या, आणि पदराआडून डबी काढून आम्हां दोघांच्या हातावर एकेक लाडू ठेवला. पुढें दर दोन तासांनीं त्यांची फेरी होत होती. लंडनला उतरण्यापूर्वीं त्यांनीं जोडे घातले, ते सहज पायांत गेले.

याचें श्रेय त्या सात इंचांस द्यावें कीं त्या फेऱ्यांस, हें आम्हांस अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. वाचकांनीं वृद्धांस पाठवितांना दोहोंचीही तजवीज ठेवावी, हें बरें.