उसनी हत्यारे

शिरवण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान कारखान्यात लेथवर काम करणारा टर्नर आपला व्हर्निअर कॅलिपर फडक्यात गुंडाळून खणात ठेवतो. ते हत्यार एकदा विकत घेतले की त्याचा आणि ते बनविणाऱ्या कंपनीचा संबंध संपला. कंपनी उद्या विकली गेली, बुडाली किंवा तिने किंमत दुप्पट केली, तरी खणातला कॅलिपर माप देण्याचे थांबवीत नाही. याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात, ऐरोलीपासून जुईनगरपर्यंत, आता संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे आणि तपासणारे हजारो तरुण रोज सकाळी लोकलमधून उतरतात. त्यांच्या हातातील हत्यारे मात्र या अर्थाने त्यांची नाहीत, आणि त्यांच्या मालकांचीही नाहीत. ती परवान्यावर मिळालेली आहेत. त्या परवान्यांच्या अटी गेल्या काही वर्षांत ज्या झपाट्याने बदलल्या, तिकडे या व्यवसायाबाहेरच्या लोकांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही.

ही हत्यारे कोणती, हे प्रथम पाहिले पाहिजे. व्याजाची आकारणी करणारी आज्ञावली तयार झाली, तर हजार रुपयांवर दहा टक्के दराने वर्षाचे व्याज शंभर रुपयेच येते की नाही, हे तपासणारी दुसरी छोटी आज्ञावली लिहावी लागते. अशा हजारो चाचण्या रोज आपोआप चालतात. त्या लिहिणे सुकर व्हावे म्हणून जगभरच्या लोकांनी तयार साहित्य करून ठेवलेले असते आणि ते बहुधा विनामूल्य मिळते. ‘फ्लुएंट असर्शन्स’ हे त्यांपैकीच एक. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट प्रणालीवर काम करणाऱ्यांमध्ये ते वर्षानुवर्षे सर्रास वापरात होते. जानेवारी २०२५ मध्ये त्याची आठवी आवृत्ती आली ती नव्या परवान्यासह. व्यापारी उपयोगासाठी प्रत्येक प्रोग्रॅमरमागे दरसाल सुमारे १३० डॉलर द्यावे लागतील, असे त्यात म्हटले होते. वीस माणसांच्या कचेरीला हा खर्च दोन लाख रुपयांच्या वर जातो. सातवी आवृत्ती पूर्वीच्याच मुक्त परवान्यावर राहिली, हे खरे. पण अनेक कचेऱ्यांत नवी आवृत्ती आली की ती घेण्याचा रिवाज असतो, आणि ती घेताना परवान्याचा कागद कोणी उघडून वाचत नाही. एका दुपारी कोणीतरी एक कळ दाबतो आणि कंपनी देणेकरी होते.

हे एकच उदाहरण असते तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘डॉकर डेस्कटॉप’ २५० हून अधिक नोकर किंवा एक कोटी डॉलरहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांसाठी सशुल्क झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प या कंपनीने ‘टेराफॉर्म’चा मुक्त परवाना काढून प्रतिस्पर्ध्यांना मज्जाव करणारा परवाना लावला आणि पुढे ती कंपनीच आयबीएमच्या पदरात गेली. एप्रिल २०२५ मध्ये ‘ऑटोमॅपर’ आणि ‘मीडिएटआर’ यांच्या कर्त्याने तीच वाट धरली. ऑगस्ट २०२३ मधला ‘मोक’ या चाचणी-साहित्याचा प्रकार तर अधिक चमत्कारिक होता. वापरणाऱ्याने देणगी दिली आहे की नाही हे पडताळण्यासाठी त्या साहित्याने प्रोग्रॅमरचा ई-मेल पत्ता त्याच्या यंत्रातून वाचून, त्याचे सांकेतिक रूप बाहेर पाठविण्यास प्रारंभ केला. गदारोळ होताच ते मागे घेण्यात आले. सुताराच्या पटाशीने त्याच्या खिशाची झडती घ्यावी, असा हा मामला होता.

कारकुनांना अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण जावाचे आहे. जानेवारी २०२३ मध्ये ओरॅकलने जावाच्या वर्गणीची नवी पद्धत जाहीर केली. तीत आकारणीचा आधार जावा वापरणाऱ्यांची संख्या हा नसून कंपनीतील एकूण नोकरांची संख्या हा आहे. पूर्णवेळ, अर्धवेळ, हंगामी, एवढेच नव्हे तर कंपनीच्या अंतर्गत कामकाजास साहाय्य करणारे कंत्राटदारांचे लोकही तीत मोजले जातात. आवक-जावक नोंदवहीपलीकडे ज्याचा कधी संबंध आला नाही असा लिपिक, दारावरचा पहारेकरी, चहा आणून देणारा शिपाई, असे सारेच त्या हिशेबात जावाचे वापरकर्ते ठरतात. त्या वेळच्या दरपत्रकात लहान कंपन्यांसाठी माणशी महिना १५ डॉलर हा दर होता. दोनशे माणसांच्या आस्थापनेचा वर्षाचा आकडा ३६ हजार डॉलर, म्हणजे तीस लाख रुपयांच्या घरात जातो, मग प्रत्यक्षात जावा दहा यंत्रांवर चालत असो वा दोनशे. जावाच्याच मुक्त आवृत्त्या इतर संस्थांकडून विनामूल्य मिळतात आणि पुष्कळ कंपन्या त्यांच्याकडे वळल्या. परंतु आपल्या यंत्रांवर नेमकी कोणती आवृत्ती बसविलेली आहे, याचे उत्तर ज्या कचेरीला देता येत नाही तिला हा पर्याय असून नसल्यासारखा आहे.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. सॉफ्टवेअर घेणाऱ्यास मिळते ती वापराची मर्यादित मुभा असते, स्वामित्वहक्क नव्हे, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी परदेशी सॉफ्टवेअरवरील करकपातीच्या खटल्यात निःसंदिग्धपणे मांडली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब या कलमानुसार आज्ञावलीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. परवान्याची अट मोडली की लगेच हे कलम लागू होते असे नव्हे. तथापि ‘सगळेच वापरतात’ हा बचाव न्यायालयात टिकणारा नाही, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

मालकी आणि भाडेपट्टा यांतील अंतर नवी मुंबईकरांना समजावून सांगण्याची वस्तुतः गरज पडू नये. येथे कारखान्याचा भूखंड औद्योगिक विकास महामंडळाच्या ९५ वर्षांच्या पट्ट्याने मिळतो आणि सिडकोचे भूखंड ६० वर्षांच्या पट्ट्याने दिले गेले. सदनिका विकायची तर सिडकोच्या दारी हस्तांतरणाचे शुल्क भरण्याचा अनुभव कित्येकांनी घेतलेला आहे. ज्या गावांच्या जमिनींवर हे शहर वसले त्यांत शिरवणे एक. कागदावरच्या अटी कोण ठरवितो यावर माणसाचे आयुष्य कसे अवलंबून असते, हे त्या गावांना फार महागात समजले. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरातील गोळीबारांत पाच जणांचे प्राण गेले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. जमिनीचा प्रश्न आणि संगणकाच्या हत्यारांचा प्रश्न एका तागडीत घालणे औचित्याला सोडून होईल. तुलना आहे ती एका मुद्द्यापुरतीच. जमिनीच्या पट्ट्याला निदान नोंदणी असते, मुदत असते, आणि मुदतीच्या मध्यावर अट फिरविली तर दाद मागण्यास जागा असते. सॉफ्टवेअरच्या बाबतीत जुनी आवृत्ती जुन्या अटींवर राहते खरी, पण तिच्यातील दोष दुरुस्त होण्याचे थांबले की ती वापरणे दिवसेंदिवस धोक्याचे होत जाते. अटी न बदलताही भाडेकरूला घर सोडावे लागते ते असे.

या साऱ्यात निर्मात्यांना खलनायक ठरविणे सोपे आहे, आणि ते अन्यायाचेही आहे. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. इंग्रजीला ही सोय नसल्यामुळे तिकडे या दोहोंची गल्लत होते. आपल्याकडे शब्द असूनही ती व्हावी, हे विशेष. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे पाहण्याचे, बदलण्याचे आणि दुसऱ्यास देण्याचे स्वातंत्र्य. ते घडविणाऱ्याच्या घरी चूल कशी पेटते, हा प्रश्न त्या स्वातंत्र्याने सुटत नाही. २०१४ साली ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला तेव्हा, ज्या ओपन-एसएसएलवर जगभरच्या बँकांचे व्यवहार विसंबून होते, त्या प्रकल्पाला वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलरच्या देणग्या मिळत असल्याचे जगाला कळले. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे घ्यावे, एक छदामही देऊ नये, उलट दुरुस्तीला विलंब झाला म्हणून रात्रीअपरात्री तगादा लावावा, हा अनुभव गाठीशी असलेल्या एखाद्या कर्त्याने १३० डॉलर मागितले तर त्याला लोभी कसे म्हणावे? आक्षेप मोबदला मागण्याला नाही. आधी मुक्तहस्ताने वाटून लोकांना सवय लावावी, पर्यायी साधने मागे पडू द्यावीत आणि मग फाटक लावून पावती पुस्तक काढावे, या क्रमाला आहे. एकट्यादुकट्या कर्त्याच्या हातून हे परिस्थितीने घडते. भांडवलदारांच्या पैशावर वाढलेल्या कंपन्यांबाबत तसे म्हणणे कठीण आहे.

असे फाटक लागले की लोक दुसरी वाट काढतात, हाही इतिहास आहे. २००५ साली ‘बिटकीपर’ची विनामूल्य सवलत काढून घेण्यात आली तेव्हा लिनस टोरवाल्ड्‌स यांनी काही दिवसांत ‘गिट’ची घडण केली, आणि आज सॉफ्टवेअर जगताचे फार मोठे व्यवहार तिच्यावर चालतात. टेराफॉर्मच्या जुन्या मुक्त आवृत्तीतून ‘ओपनटोफू’ निघाले. चाचणीच्या क्षेत्रात ‘सेलेनियम’ची कथा तर रंजक आहे. एकेकाळी मर्क्युरी या कंपनीच्या महागड्या साधनांचा बोलबाला होता. पाऱ्याच्या, म्हणजे मर्क्युरीच्या, विषबाधेवर सेलेनियम हा उतारा समजला जातो. २००४ साली जन्मलेल्या मुक्त साधनाला ते नाव थट्टेने चिकटले.

मर्क्युरीचे पुढे काय झाले, हे विद्यार्थ्यांनी आवर्जून पाहावे. २००६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने ती कंपनी घेतली. तिचे चाचणीचे साधन २०१७ मध्ये मायक्रो फोकसकडे आणि २०२३ मध्ये ओपनटेक्स्टकडे गेले. मध्यंतरी त्याचे नावही बदलले. ज्या विद्यार्थ्याने खासगी वर्गाची भरभक्कम फी देऊन त्या साधनाची केवळ बटणे पाठ केली, त्याचे ज्ञान मालकाबरोबर फिरत राहिले. चाचणी म्हणजे काय, ती कोणत्या टोकाच्या किमतींवर घ्यावी, कोणती चूक गंभीर आणि कोणती क्षुल्लक, हे जो शिकला त्याला साधन बदलणे म्हणजे नवी सायकल चालविण्याइतकेच.

येथे शिक्षणसंस्थांचा दोष पत्करावाच लागेल. आपल्याकडे संगणकशिक्षण म्हणजे विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट वस्तूचे शिक्षण, असे समीकरण रूढ झाले. एम.एस.-सी.आय.टी. ही परीक्षा महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने खेडोपाडी नेली, तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्यातील ‘एम.एस.’ म्हणजे महाराष्ट्र स्टेट असताना ती अक्षरे मायक्रोसॉफ्टची आहेत, अशी समजूत बाळगणारे लोक आजही भेटतात, आणि ही समजूत अगदीच निराधार वाटू नये असे वातावरण आपण निर्माण केले आहे. विद्यार्थ्यांना अनेक कंपन्या आपली साधने विनामूल्य देतात. हा उदारपणा पदवी हाती पडेपर्यंतच असतो, हे महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या वेळीच सांगितले तर बिघडणार नाही. वास्तविक दुसरा मार्ग घराजवळच उपलब्ध आहे. पवईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ आणि ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या उपक्रमांनी मुक्त साधनांचे पाठ तयार केले असून त्यांतील अनेक मराठीतूनही ऐकता येतात. केरळच्या शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारून ते वर्षानुवर्षे चालवून दाखविले. केंद्र सरकारने २०१५ साली सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. धोरण जाहीर करणे आणि ते खरेदीच्या निविदेत उतरणे, या दोन गोष्टींत मात्र आपल्या प्रशासनाच्या परंपरेनुसार बरेच अंतर राहिले आहे.

पैशाची तजवीजही अशक्य कोटीतील नाही. जर्मन सरकारने २०२२ मध्ये अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी स्वतंत्र निधी उभारला. आपल्याकडे झिरोधा या दलाली संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये दरसाल दहा लाख डॉलर मुक्त सॉफ्टवेअरच्या कर्त्यांना देण्याचा संकल्प सोडला. एका खासगी संस्थेला जे सुचले ते, परदेशी सेवा विकून प्रचंड उलाढाल करणाऱ्या आपल्या बड्या कंपन्यांना या प्रमाणात का सुचू नये, हा प्रश्न त्यांच्या भागधारकांनी वार्षिक सभेत विचारण्याजोगा आहे.

लहान कंपन्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे द्यायला लाखो रुपये नाहीत आणि परवाने वाचणारा वकीलही नाही. कारखान्याच्या भांडारात कोणते हत्यार कोणाकडे गेले याची वही असते, तशी वही मात्र त्यांना आजच घालता येईल. कोणते साहित्य वापरात आहे, त्याची आवृत्ती कोणती, परवाना कोणता आणि तो कोणत्या तारखेला वाचला, एवढे चार रकाने पुरेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने सॉफ्टवेअरच्या घटकांची सूची ठेवण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही परवान्याची नोंद अंतर्भूत आहे. ही वही लिहिण्यास प्रोग्रॅमर लागत नाही. ज्या लिपिकाला जावाच्या दरपत्रकाने वापरकर्ता ठरविले, तोच ती उत्तम रीतीने ठेवू शकेल.