पाणबुडी म्हातारी कशी होते?

दोस्तांनो, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात समुद्र नाही, पण लोणारचं विवर आहे. काठापासून ते साधारण १५० मीटर खोल. 'आयएनएस चक्र' ही पाणबुडी त्यात शेपटीवर उभी केली असती, तर तिचं नाक काठापर्यंत पोचलं नसतं. आणि तिची लांबी तर जवळजवळ ९५ मीटर होती!

चक्र ही आपल्या नौदलाची पहिली अणुपाणबुडी. शत्रूच्या जहाजांवर हल्ला करणारी. १९६७ साली ती सोव्हिएत नौदलात दाखल झाली. १९८८ च्या जानेवारीत भारतानं ती ३ वर्षांसाठी भाड्यानं घेतली. १९९१ च्या जानेवारीत ती परत गेली आणि थोड्याच काळात निवृत्त झाली. वय अवघं पंचवीसच्या आसपास! इतक्यात म्हातारपण?

इंधन संपलं म्हणून म्हणाल, तर तसं नाही. अणुभट्टीला हवा लागत नाही. थोडंसं युरेनियम वर्षानुवर्षं उष्णता देतं, त्या उष्णतेनं पाण्याची वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरतं. प्राणवायूही समुद्राच्या पाण्यातूनच बनवतात. मग पाणबुडीला बंदरात का परतावं लागतं? स्वयंपाकघरातलं धान्य संपतं म्हणून! अमेरिकेच्या 'व्हर्जिनिया' जातीच्या पाणबुडीत तर एकदा भरलेलं इंधन ३३ वर्षं, म्हणजे तिच्या जन्मभर पुरतं.

खरी म्हातारी होते ती पोलादी कवचामुळे. दर १० मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो भार वाढतो. ३०० मीटरवर तुमच्या नखाएवढ्या जागेवर ३० किलो! जणू पाचवीतलं एक मूल नखावर उभं राहिलंय. खाली गेलं की कवच किंचित दबतं, वर आलं की सैल होतं. असं शेकडो वेळा झालं, की धातू थकतो. घरातल्या मोठ्यांना विचारून एक बारीक तार घ्या आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवा. थोड्या वेळानं ती मोडेल. हाच तो थकवा. शिवाय किरणांच्या माऱ्यानं अणुभट्टीचं पोलादही ठिसूळ होत जातं.

निवृत्तीनंतरही काम संपत नाही. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर 'कुरसुरा' ही पाणबुडी २००२ पासून संग्रहालय झाली आहे. ती डिझेलवर चालणारी होती. अणुपाणबुडीतलं वापरलेलं इंधन मात्र आधी काढून फार जपून ठेवावं लागतं, कारण त्यातून घातक किरण दीर्घकाळ निघत राहतात.

मग अशी वयस्क पाणबुडी ३ वर्षांसाठी आणून आपल्याला काय मिळालं? ती चालवायची आणि सांभाळायची कशी, हे आपले नौसैनिक शिकले. २०१२ ते २०२१ या काळात दुसरी 'चक्र' आपल्याकडे होती, तीही रशियाकडून भाड्यानं घेतलेली. आणि २०२४ साली अशा दोन पाणबुड्या भारतातच बांधायला सरकारनं मंजुरी दिली.

आता तुमच्यासाठी गणित : लोणारच्या विवराएवढ्या खोल समुद्रात तुमच्या नखावर किती किलो भार येईल? उत्तर पुढच्या अंकात!