आधी स्टँड, मग सॉफ्टवेअर

येत्या स्नेहसंमेलनात स्टॉप मोशन पद्धतीची एक छोटी चित्रफीत दाखवावी आणि त्यासाठी संमेलनाच्या निधीतून एक भारी सॉफ्टवेअर विकत घ्यावे, अशी सूचना सांस्कृतिक मंडळापुढे आली आहे. सूचना मांडणाऱ्यांचा उत्साह मला मान्य आहे. खर्च मान्य नाही. माझ्या विरोधाला काही मित्रांनी ‘कॉमर्सवाल्याचे रडगाणे’ असे नाव दिले. असेल! पण विद्यार्थ्यांकडून गोळा केलेल्या पैशाचा हिशेब कोणीतरी मांडायलाच हवा.

मुळात हे काम आहे तरी काय? मातीची बाहुली किंचित हलवायची, फोटो काढायचा. पुन्हा हलवायची, पुन्हा फोटो. सेकंदाला १२ फोटो धरले तर दोन मिनिटांच्या चित्रफितीला १,४४० फोटो लागतात. एका फोटोला अर्धा मिनिट लागला तरी १२ तास झाले, आणि बाहुलीचा हात मध्येच गळून पडला तर विचारूच नका. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ केली, तीही अशीच एकेक काडी सरकवत. त्यांच्यापाशी संगणक नव्हता हे सांगायला नकोच.

मग सॉफ्टवेअरचे काम कोणते? मुख्य काम एकच : आधीचा फोटो नव्या दृश्यावर पुसटसा दाखवणे, म्हणजे बाहुली किती सरकली हे कळते. याला ‘ओनियन स्किन’ म्हणतात. मराठी शाळेत शिकलेल्या मला ही कांद्याची साल काय भानगड आहे ते समजेना. पुढे कळले की चित्रकार पूर्वी ज्या पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदावर आकृती गिरवत, त्याचे हे नाव. माझा जोडीदार कन्नड विभागाचा. तो तिला ‘उळ्ळागड्डी सिप्पी’ म्हणतो, आणि आता आमच्यात तेच नाव रूढ आहे. ही सोय फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही मिळते. संगणकासाठी ‘बोट्स अ‍ॅनिमेटर’ पूर्णपणे मोफत आहे. फोनवरच्या ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’चे साधे रूप फुकट आहे, जादा सोयींना तेवढे पैसे पडतात.

भारी म्हणतात ते ‘ड्रॅगनफ्रेम’. ‘पॅरानॉर्मन’ आणि ‘फ्रँकनवीनी’ हे २०१२ सालचे चित्रपट त्यावर झाले. मोठा कॅमेरा संगणकाला जोडून त्याची प्रत्येक कळ तेथूनच फिरवता येते, दिवे आणि कॅमेऱ्याची हालचालसुद्धा ठरवून देता येते. उत्तमच आहे. पण आपल्यापाशी ना तसा कॅमेरा, ना तसे दिवे. बैल नसताना चाबूक घेण्यातला हा प्रकार.

आमची पहिली चित्रफीत बिघडली ती सॉफ्टवेअरमुळे नव्हे. खिडकीतल्या उजेडात बसलो होतो. ऊन सरकत गेले, शिवाय फोन दर फोटोला आपल्या मर्जीने उजेड आणि रंग बदलत होता. चालवून पाहिले तर सारे चित्र बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखे लुकलुकू लागले. तेव्हा पहिली कसोटी ही, की उजेड, रंग आणि फोकस एकदा ठरवून तेथेच कुलूपबंद करता येतात का. दुसरी कसोटी आम्हाला अधिक महागात पडली. त्या वेळच्या अ‍ॅपमध्ये सारे फोटो त्याच्या पोटातच राहत, बाहेर वेगळी फाइल म्हणून नाहीत. फोनमध्ये जागा होईना म्हणून मी ते अ‍ॅप काढले आणि पुन्हा घातले. सातशे फोटो गेले. चार रविवार! जोडीदार रागावला नाही, “स्वल्प तडी” एवढेच म्हणाला आणि उठून चहा सांगायला गेला. तो रागावला असता तर बरे वाटले असते.

म्हणून किंमत विचारण्याआधी मी विचारतो : फोटो सुटे बाहेर काढता येतात का? येत असतील तर उद्या सॉफ्टवेअर बदलले तरी काम आपले राहते. नसतील तर ते फुकट असूनही महाग. त्यातही वर्षाची वर्गणी मागणाऱ्यांपासून जपून राहावे. एकदाची खरेदी भांडवली खर्चात धरता येते. वर्गणी दर वर्षी नव्या मंडळाच्या डोक्यावर बसते, आणि या मंडळातले निम्मे लोक पुढच्या जूनमध्ये येथे नसतील.

माझी मागणी साधी आहे. दोन भक्कम स्टँड, दोन एकसारखे दिवे, खिडकीला काळा पडदा, आणि शाडूऐवजी न वाळणारी तेलकट माती. शाडूची बाहुली दुपारपर्यंत तडकते. बोट लागून फोन हलू नये म्हणून वायरच्या इअरफोनचे बटण पुरते, ते प्रत्येकाच्या घरी पडलेले असते. या सामानावर फुकटच्या सॉफ्टवेअरने दोन मिनिटे पुरी करून दाखवू. त्यात काही अडले, तर नेमके काय अडले ते लिहून मीच खरेदीचा अर्ज करीन. मंडळाची बैठक शनिवारी आहे. तोवर आमचे फोटो तीनशेच्या पुढे गेलेले असतील, आणि प्रत्येकाची एक प्रत जोडीदाराच्या घरच्या संगणकावर आहे.