फ्रेजल व्हर्ब घोका, पण कोर्टातल्या

स्पर्धा परीक्षेसाठी आपली पोरं इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्या घोकतात. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणजे मुसळधार पाऊस. दुष्काळी जामखेडला याचा उपयोग काय, हे विचारायचं नाही!

याच जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एप्रिल 2014 मध्ये नितीन आगेचा खून झाला. नोव्हेंबर 2017 मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार 'टर्न्ड होस्टाइल', म्हणजे फितूर झाले होते. 'टर्न' म्हणजे वळणे एवढंच पाठ असलेल्या पोराला त्या दोन शब्दांत काय घडलं ते कसं कळणार? 'सेट असाइड' म्हणजे बाजूला ठेवणं नव्हे, निकाल रद्द करणं. 'स्ट्राइक डाऊन' म्हणजे कायदा घटनाबाह्य ठरवून मोडीत काढणं. 20 मार्च 2018 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात अ‍ॅट्रॉसिटी कायदा 'स्ट्राइक डाऊन' झाला नव्हता. अटक आणि अटकपूर्व जामिनाच्या बाबतीत त्याची धार बोथट केली होती. मोर्चात माईक धरणाऱ्याला हा फरक माहीत हवाच, नाहीतर समोरचा वकील एका वाक्यात गप्प करतो.

मातृभाषेचं प्रेम आम्हाला शिकवणाऱ्यांची मुलं कुठल्या माध्यमात शिकतात, ते एकदा विचारा. सावित्रीमाईंनी याच नगरात मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, आणि बाबासाहेबांनी 1936 मध्ये जातिसंस्थेवरचा घाव इंग्रजीतच घातला.

म्हणून मित्रांनो, याद्या ठेवा बाजूला. रविवारी विहारात वंदनेनंतर एका निकालाचं एकच पान मोठ्याने वाचू. अडलेली क्रियापदं फळ्यावर लिहू.